गॅलरी परदेशी गेली

उद्याची मुंबई मी या दोन हातांनी उचलून टेम्पोत ठेवलेली आहे. एकदा नाही, पुष्कळदा. खाली गादी घालायची, वरून धुतलेली चादर टाकायची आणि ड्रायव्हरला बजावायचं, बाबा रे, खड्डा दिसला की पाय हळू. तो हसायचा. म्हणायचा, "काका, अख्खा टॉवर आहे, त्याला काय होतंय?" मी म्हणायचो, "खऱ्या टॉवरला काही होत नाही. याला होतं."

माझा धंदा मॉडेलचा. असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघत. मेहुणीच्या सासरी तर कित्येक वर्षं समज होता की मी शर्टाच्या जाहिरातीत उभा राहतो. माझं लग्न झालेलं होतं म्हणून बरं. मॉडेल म्हणजे बांधायच्या इमारतीची लहान प्रतिकृती. आर्किटेक्ट कागदावर रेघा मारतो. त्या रेघा गिऱ्हाइकाला कळत नाहीत, साहेबाला कळत नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, कधी कधी आर्किटेक्टलाही कळत नाहीत. मग तो कागद माझ्याकडे येतो. मी पुठ्ठा, फोम, अ‍ॅक्रिलिक कापून ती इमारत टेबलावर उभी करतो. मग सगळे एकदम म्हणतात, "अच्छा, असं होय!"

हात तयार झाला लालबागला, गणपतीची आरास करणाऱ्या एका कारखान्यात. तिथं मी महाल कापायचो. खांब, कमानी, कळस. एकदा एक आर्किटेक्ट आपल्या मंडळाचं मखर बघायला आला आणि माझी कमान बघून थांबला. म्हणाला, बिल्डिंग कापशील का? मी म्हटलं, महालापेक्षा सोपीच असणार, तिला कळस नसतो. घोडपदेवला एका गाळ्याचा अर्धा भाग घेतला आणि बसलो कापत ते डोळे थकेपर्यंत.

शाळा माझी चौथीपर्यंत. उद्याच्या शहरांवर अंक काढतोय, त्यासाठी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मग वाटलं, उद्याच्या शहरांबद्दल लिहिणारे सगळे शिकलेले. त्या शहरांची झाडं दोडक्या-घोसाळ्याच्या जाळीपासून कोणी केली ते त्यांना कुठून ठाऊक असणार? सूनबाईनं ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आहे. वाक्याला हात लावायचा नाही, अशी तिला ताकीद होती.

तर झाडं घोसाळ्याची. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरव्या रंगात बुडवून कातरायची, खाली तारेचं खोड. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. पाणी म्हणजे निळ्या अ‍ॅक्रिलिकवर वार्निश, आणि वार्निश ओलं असताना त्यावर हळूच फुंकर मारायची, म्हणजे लाटा उठतात. माणसं काडेपेटीच्या काडीची. मी प्रत्येकाला डोकं लावायचो. दुसरे लावत नसत.

सगळं झालं की दुपारी गाळ्यात कोणी नसताना मी टेबलावर हनुवटी टेकवून बसायचो. एक डोळा मिटायचा. मग ते शहर लहान राहत नाही. रस्ता लांबच्या लांब जातो, वर इमारती, छपराच्या पत्र्यातल्या काचेतून पडलेलं ऊन दोन टॉवरच्या मधून रस्त्यावर सांडलेलं. हॉर्न नाही, धूळ नाही. झाडाखाली माझाच काडीचा माणूस उभा. मी त्या रस्त्यानं पुष्कळ चाललो आहे. कोपऱ्यावर वळलो की पुढं काय आहे ते मला माहीत असायचं, तरी वळताना छातीत जरा धाकधूक व्हायची. आता जे टॉवर लालबाग-परळला उभे आहेत, त्यांतल्या बऱ्याचशांच्या गच्चीवरून मी ते उभे राहण्याच्या आधीच खाली डोकावलेलं आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बिल्डर आला, मॉडेल बघितलं आणि म्हणाला, "समुद्र फार लांब वाटतोय. जरा अलीकडे घ्या." मी म्हटलं, शेठ, समुद्र तिथंच आहे. तो म्हणाला, "तिथं असू दे, इथं अलीकडे घ्या." मी समुद्र चार बोटं अलीकडे सरकवला. देवाची माफी मागून. आणि एकदा गिरगावातले एक म्हातारे कारकून आले. वाडी पाडून झाली होती, मुलाकडे लांब उपनगरात राहत होते. "माझी खोली करून द्या," म्हणाले. ट्रंक कुठं, मोरी कुठं, कॅलेंडरचा खिळा कुठं, दर खेपेला त्यांना एक नवीन गोष्ट आठवायची. शेवटी खोली त्यांच्या हातात दिली तर ती नुसती फिरवून फिरवून बघत राहिले. मी विचारलं, "चुकलं का काही?" म्हणाले, "नाही हो. पण मी ती अशी वरून कधी पाहिली नव्हती. ओळख पटत नाही." मग मी मोरीच्या बाजूला डोळ्याएवढं भोक पाडून दिलं. त्यातून आत बघितलं मात्र, आणि ते मान हलवायला लागले. बराच वेळ डोळा काढला नाही.

आता गॅलरीचं सांगतो.

परदेशातलं एक शहर आणि आपली मुंबई यांनी मिळून काही करायचं ठरवलं होतं. ते शहर उत्तरेकडच्या थंड देशातलं, बंदराचं. त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी नीट बसलं नाही, आणि चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. पुढं ऊन वाढणार, समुद्र चढणार, माणसं वाढणार. मग घरं अशी कशी बांधायची की वीज कमी लागेल, वारा खेळेल, झाडं राहतील आणि जिथली माणसं तिथंच राहतील, याचा दोन्ही शहरांनी एकत्र विचार करायचा. याला ते लोक शाश्वत विकास म्हणत. आमच्या भजनात शाश्वत फक्त देव असतो. पण शब्द चांगला आहे, मी वाद घातला नाही.

नमुना म्हणून त्यांनी घोडपदेवची एक चाळ निवडली. ती आमचीच निघाली. तिच्या जागी सात मजल्यांची इमारत कशी होईल याचं मॉडेल करायचं, ते त्या देशात न्यायचं, तिथं सगळ्या जगातल्या शहरांचे लोक जमणार होते. तिथं पसंत पडलं की तशीच इमारत आमच्या जागेवर उभी राहणार. काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. आयुष्यभर दुसऱ्याची घरं केली. पहिल्यांदाच स्वतःचं करायचं होतं.

मॉडेलच्या आधी त्यांची माणसं चाळीत घरोघर विचारून गेली होती. नव्या इमारतीत काय हवंच? लोकांनी सांगितलं, लिफ्ट, पाणी, घरात संडास. आणि झाडून सगळ्यांनी सांगितलं, गॅलरी. आमच्या घरी उत्तर द्यायला बायको, शालन, मालवणकडची. काचबिंदूनं तिची नजर गेलेली. तिला विचारणारी मुलगी म्हणाली, "आजी, तुम्हाला काय हवं?" शालन म्हणाली, "गॅलरी व्हयी. गॅलरी नाय तर मी बसू खंय?"

हा काही विनोद नव्हता. चाळीत राहिलेला नाही त्याला सांगतो. खोल्यांच्या पुढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कठडा लावलेला जो सामाईक ओटा जातो, त्याला आम्ही गॅलरी म्हणतो. तिथं कपडे वाळतात, पोरं वाढतात, भांडणं होतात आणि मिटतातही तिथंच. नजर गेल्यापासून शालनचा सगळा दिवस दारापुढच्या खुर्चीवर. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी बांगडा तळतायत, कोणाची सून माहेरून परत आली, सगळं तिला बसल्या जागी कळायचं. जाणारा प्रत्येक माणूस दोन शब्द टाकून जायचा. आत खोलीत तिला बसवली तर पंख्याशिवाय सोबत नाही. नव्या घरात तिला बसायला जागा असणार की नाही, एवढाच माझ्या लेखी त्या सगळ्या योजनेचा अर्थ होता.

कागद आले. ते आणले मुग्धानं. मुग्धा दादरची, आर्किटेक्ट, त्या परदेशी लोकांबरोबर काम करणारी. मला काका म्हणायची आणि चहा मागून प्यायची, म्हणून माझी आवडती. तळमजल्याच्या कागदावर इमारतीच्या पुढच्या अंगाला लांबलचक पट्टा होता, त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मला इंग्रजी येत नाही, पण खोक्यांवरची अक्षरं वाचून वाचून लावता येतात. लावलं. गॅलरी! माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघा, गोरे लोक झाले तरी ऐकतात. वरच्या मजल्यांच्या कागदांवर त्या जागी नुसती तुटक रेघ होती. मी धरलं, खाली तसंच वर, म्हणून पुन्हा काढायचा कंटाळा केला असेल. विचारायला हवं होतं? मी का विचारू? एवढी वर्षं नकाशे वाचतोय.

मग मी सातही मजल्यांना गॅलरी दिली. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. एकेक गज सुईएवढा. संध्याकाळी घरी आलो की शालन विचारायची, "आज काम खंयपर्यंत इला?" मी सांगायचो, चौथा झाला. "चौथ्यार कोण रवता?" मी सांगायचो, तू ठरव. मग ती ठरवायची. सावंतांचं कुटुंब टोकाला नको, त्यांची भांडणं ऐकू यायला हवीत, मधेच असू देत. जाधवांची म्हातारी जिन्याजवळ. असं आम्ही दोघांनी अख्खी चाळ हळूहळू वर नेऊन बसवली. ती बोलायची आणि मला ते दिसायचं. तिला माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल.

एका दुपारी मी तिला गाळ्यात घेऊन गेलो. तिचा हात धरून पाचव्या मजल्याच्या कठड्यावर ठेवला. बोटं हळूहळू सरकत गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जणू चालतेच आहे. मध्येच थांबली. म्हणाली, "ह्यो कठडो उंच झालो हा. बसलेल्या माणसाक खालचा ऐकाक येवचा नाय." मी पाचवा मजला पुन्हा केला. मग सातही केले.

मॉडेल पाठवायच्या दिवशी सगळे बघायला आले. मुग्धा, आपल्याकडचे एक इंजिनियर साहेब आणि त्या शहराच्या आर्किटेक्ट बाई, इंग्रिड. उंच, केस पांढरे, पायात जाड बूट. मी चादर ओढली. बाईनं तोंडावर हात धरला. मला वाटलं, हरखली.

मुग्धा म्हणाली, "काका, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? गॅलरी."

"अहो, ही नाही! गॅलरी फक्त खाली होती."

"खालीच का? वरच्या माणसांनी काय घोडं मारलंय?"

"काका, गॅलरी म्हणजे चित्रांची! प्रदर्शन भरवायचा हॉल!"

मग मी म्हटलं, "चित्रांची? घोडपदेवला?"

झालं होतं ते असं. आमच्या चाळीनं एकमुखानं गॅलरी मागितली. विचारणाऱ्या पोरांनी गॅलरीला गॅलरीच सांगितलं, त्यांचंही काय चुकलं? शब्द विमानात बसून त्या थंड गावाला गेला. तिथल्या लोकांना वाटलं, काय ही माणसं! घरात संडास नाही, पण मागतायत काय, तर चित्रं बघायला जागा. त्यांना गहिवरून आलं. इंग्रिडबाई म्हणे त्यांच्या सभेत हे सांगताना रडली होती. मग त्यांनी प्रेमानं तळमजल्यावर हॉल दिला, वर त्याच्या छपराची तुटक रेघ दिली, आणि तो कागद फिरून माझ्या टेबलावर आला. मी त्याची परत गॅलरी केली.

मुग्धानं हे सगळं बाईला इंग्रजीत सांगितलं. बाई आधी लाल झाली, मग हसायला लागली, मग तिला ते थांबवता येईना. मुग्धाही हसली. मी नाही हसलो.

इंजिनियर साहेब भला माणूस होता, पण त्याला घाई होती. म्हणाला, "काका, छान आहे, पण काढा हे. वरती घरं मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूला आहेत. बाहेरून गॅलरी दिली तर जागा जाते. आणि सामाईक जागा धरायची कोणाच्या नावावर?"

"सगळ्यांच्या."

"तसा रकाना नाही हो."

"मग मी नाही काढणार."

"अहो, पेटी भरायचीय आज!"

"तुम्ही तोडा. हा कटर घ्या. माझ्या हातानं व्हायचं नाही."

कटर कोणी घेतला नाही. मुग्धा म्हणाली, "काका, हट्ट करू नका ना." मी म्हटलं, "हट्ट नाही. माझी बायको बसते तिथं."

बाईनं विचारलं, काय म्हणतायत? मुग्धानं सांगितलं. बाईनं मॉडेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, कुठं बसते? मला दाखवा.

चाळ गाळ्यापासून चार पावलांवर. जिने चढून आम्ही गेलो तेव्हा शालन परातीत भिजलेले वाल घेऊन बिरडं सोलत होती. मान वर करून म्हणाली, "ह्यां कोण? बुटां नवीन आसत." मी म्हटलं, परदेशातल्या बाई आहेत, आपली गॅलरी बघायला आल्यात. "मगे उभी कित्याक? बस म्हणा." जाधवांच्या म्हातारीनं आपलं स्टूल दिलं. बाई बसली. शालननं परात मध्ये सरकवली. सांगायला लागलं नाही, बाईनं एक वाल उचलला आणि पिचकवला. शालनला आवाजावरून कळलं. मुग्धाला म्हणाली, "तिका सांग गो, दाणो चेपू नको, साल आपसूक सुटता."

बाई तिथं ऊन उतरेपर्यंत बसली. काही विचारायला आली होती, विचारलं काही नाही. सावंतांचा मुलगा जाता जाता म्हणाला, "काय काकी, फॉरेनची कामवाली ठेवली?" शालन म्हणाली, "गप रे मेल्या, तुझ्यापेक्षा बरी सोलता." सगळी गॅलरी हसली, आणि बाईही हसली, काही न कळता. वारा येत होता. वाळत घातलेल्या साड्यांच्या सावल्या तिच्या पांढऱ्या केसांवरून जात-येत होत्या. मला तेव्हा असं वाटलं की आपण टेबलावर हनुवटी टेकवून एक डोळा मिटलेला आहे, आणि हे सगळं मी केलेलंच आहे.

उठताना बाई मुग्धाकडे बघून सावकाश काही बोलली. मुग्धानं मला नंतर सांगितलं. बाईची आई त्यांच्या गावी नवव्या मजल्यावर एकटी राहते. मोठी खिडकी आहे, खाडी दिसते, घर ऊबदार. एकदा पडली तर खूप वेळ कोणाला कळलंच नाही.

गाळ्यात परत आल्यावर बाईनं माझ्या देवाच्या फोटोपुढची उदबत्ती मागितली. वारा कसा फिरतो ते बघायला हे लोक मॉडेलवर धूर सोडतात. तिनं ती पुढच्या अंगाला धरली. धूर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरला आणि कठड्याच्या आतून, एकेका दारापुढून, जराजरा थांबत निघाला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. इंजिनियर साहेबही. तो धूर टोकापर्यंत जाऊन बाहेर पडेपर्यंत कोणी श्वास जोरात घेतला नाही.

बाई म्हणाली, ठेवा. गॅलरी राहू दे.

पेटी मी स्वतः भरली.

पुढचं सरळ सांगून टाकतो. मॉडेल तिकडे सगळ्यांना आवडलं. कुठल्या कुठल्या देशांचे लोक वाकून बघत होते म्हणे. मग कागद फिरायला लागले, माणसं बदलली, साहेब बदलला. शेवटी चाळीची सभा झाली. सांगण्यात आलं, गॅलरी हवी तर खोली लहान; गॅलरी नको तर प्रत्येकाला एक जादा खोली, आणि सातऐवजी उंच टॉवर. हात वर करा. हात वर झाले. माझ्या मुलाचाही. त्याला मी तेव्हा बोललो नाही आणि आताही बोलत नाही. पडद्याआड त्यानं संसार केला, त्याच्या पोरीनं मोरीच्या ओट्यावर बसून दहावीचा अभ्यास केला. त्यानं दार लावता येणारी खोली मागितली, यात वाईट काय? पण हात वर केल्यावर तो माझ्याकडे बघत नव्हता.

शालननं त्या दिवशी एवढंच विचारलं, "किती जणांनी हात वर केल्यानी?" मी म्हटलं, जवळजवळ सगळ्यांनी. ती म्हणाली, "मगे तेंचाय खरा असतला."

टॉवर झाला. आम्ही सतराव्यावर. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, त्यामुळे जाधवांची म्हातारी तिसऱ्यावर, सावंत बाविसाव्यावर. आम्ही दोघांनी मनात कोणाला कुठं बसवलं होतं त्याचा काही उपयोग झाला नाही. घर छान आहे, खोटं बोलणार नाही. नळ सोडला की पाणी. दार सोडलं की आपोआप बंद होतं. शालन त्या दारामागे बसली आणि हळूहळू बोलायची थांबली. सून नोकरीवर, मुलगा नोकरीवर, नात कॉलेजात. मी विचारायचो, काय गं, बरं नाही का? म्हणायची, "काय नाय. रात झाली काय?" भर दुपारी.

एक दिवस मी तिची खुर्ची उचलून बाहेर पॅसेजमध्ये, लिफ्टसमोर ठेवली. तिथं वारा नाही, ऊन नाही, दिवसाही ट्यूब लागते. पण लिफ्ट उघडते. माणूस दिसो न दिसो, आवाज होतो. सोसायटीचा सेक्रेटरी आला. चाळीतलंच पोरगं, आमच्यासमोर मोठं झालेलं.

"काका, पॅसेजमध्ये खुर्ची नियमात बसत नाही."

"नियमात नसेल बसत. माझी बायको बसते."

"तसं नाही हो काका. आग लागली तर वाट मोकळी हवी."

"आग लागली तर मी खुर्चीसकट तिला उचलीन. लागायचीच तर आधी मला लागेल."

तो आणखी दोनदा आला. नोटीस लावली. मी नोटिशीखालीच खुर्ची ठेवली. मग आमच्या पंक्चरवाल्या रमेशनं, तो एकविसाव्यावर, खाली जाताना सतरावा दाबला. "काय काकी, बऱ्या आहात?" मग जाधवांची म्हातारी खास वर आली. मग चाळीतले सगळेच जाता-येता सतरावा दाबायला लागले. बाकीचे लिफ्टमध्ये कुरकुर करतात, उशीर होतो म्हणून. लिफ्टच्या माणसाकडे तक्रारही गेली की सतराव्यावर काहीतरी बिघाड आहे. त्यानं येऊन तपासलं, बिघाड सापडला नाही.

परवा मुग्धा आली. आता केसांत तिच्याही पांढरं आलंय. तिला माझ्या डोळ्यांत बघवत नव्हतं, ते मला कळलं. म्हणाली, "काका, तुम्हाला एक दाखवायचंय, पण राग मानू नका." फोन काढला. त्या थंड गावात एक इमारत. सात मजली. प्रत्येक मजल्याला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गॅलरी. गज माझे. कठड्याची उंचीसुद्धा माझी, म्हणजे शालनची. इंग्रिडबाईनं ती तिकडे बांधून घेतली होती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी.

मुग्धा म्हणाली, "इथं व्हायची होती हो ती."

मला राग यायला हवा होता. पण आधी मी बारकाईनं बघितलं, कोपरे नीट जुळलेत का. जुळले होते. म्हटलं, "उभी राहिली ना? मग झालं. मी केलेलं पडून नाही राहिलं."

मी शालनला सांगितलं. ती खुर्चीवर सरळ झाली. "थंय कोण बसता? तिची आवस बसता काय गो?" आवस म्हणजे आई; बाईच्या आईचं मी तिला तेव्हाच सांगितलं होतं.

मुग्धानं तिथंच फोन लावला. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे दुपार. इंग्रिडबाई दिसली, केस आणखी पांढरे. तिनं फोन फिरवला. गॅलरीत लोकरीच्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बसलेल्या, मांडीवर गोधड्या. एकीकडे बोट करून बाई म्हणाली, ही माझी आई. पण सगळ्यांच्या खुर्च्या एकमेकींपासून लांब, आपापल्या दारापुढे, तोंडं समोर. जशा कोणी मोजून ठेवल्यात. बाई बोलत गेली आणि मुग्धा सांगत गेली. "ती म्हणतेय, वारा छान आहे, ऊन येतं, सगळ्याजणी रोज बसतात. पण बोलत नाहीत. एकमेकींना त्रास नको म्हणून. ती विचारतेय, आजी, तुमच्याकडे बोलायला सुरुवात कशी होते?"

शालन विचार करायला लागली. तेवढ्यात लिफ्ट उघडली. सावंतीण, हातात पिशव्या.

"काय गे सावंतिणी," शालन म्हणाली, "काल तुज्या डाळीचो वास सतराव्यापर्यंत इलो! लागली ना करपाक?"

"तुझं नाक कापून घ्यायला हवं!" सावंतीण पिशव्या खाली टाकत म्हणाली. "सीरियल संपत नव्हती, मी काय करू?"

"मगे डाळ टीव्हीपुढे शिजव!"

आणि दोघी जुंपल्या. डाळीवरून सीरियलवर, सीरियलवरून सुनेवर. मुग्धा हसत राहिली, फोन तिच्या हातातच राहिला, पडद्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मीही विसरलो. थोड्या वेळानं शालननंच हात वर करून सावंतिणीला गप्प केलं आणि कान फोनकडे वळवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"थंय," ती म्हणाली, "खुर्च्यो ओढतत कोणतरी. जवळ येतत."